कडी काढलेले रुपये

लग्नानंतर माझा मेहुणा पहिल्यांदा आमच्या सिल्वासाच्या खोलीवर आला, तेव्हा चहा झाल्यावर त्याने खिशातून रुमाल काढला, रुमालाच्या घडीतून चांदीचं एक जाडजूड नाणं काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. मी नवा जावई. मी ते कपाळाला लावलं, "अहो, याची काय गरज होती," असं म्हटलं आणि सरळ खिशात टाकलं. तो काहीतरी बोलणार होता, पण नुसताच हसला आणि रुमालाची घडी घालत बसला. निघताना दारात त्याने वळून माझ्या खिशाकडे पाहिलं. मला वाटलं, किती प्रेमळ माणूस आहे.

पुढे आठवडाभर मी ते नाणं ऑफिसात मिरवलं. सासुरवाडीकडून चांदी मिळालेला आमच्या खात्यात मी एकटाच होतो. शेवटी एका रात्री जेवताना बायकोने सहज विचारलं, की भाऊने तुम्हाला त्या नाण्यावरची अक्षरं वाचायला दिली होती, ती वाचून झाली का. घास माझ्या हातातच राहिला. दुसऱ्या दिवशी पेढ्यांचा पुडा घेऊन मी त्याच्या खोलीवर सायलीला गेलो आणि नाणं परत केलं. "दाजी, ठेवलं असतं तरी चाललं असतं," तो म्हणाला. म्हणेपर्यंत त्याची मूठ मिटलीसुद्धा होती.

हा माझ्या बायकोचा थोरला भाऊ. धुळ्याकडचा. सायलीत तेव्हा बघावं तिथे कारखान्याच्या शेड उभ्या राहत होत्या, त्यातल्या एकीत तो टूलरूमला फिटर होता. त्याच्याच जिल्ह्यातल्या कामगारांबरोबर एका खोलीत राहायचा. एकाची पाळी सुटली की दुसरा त्याच अंथरुणावर झोपायचा. बहिणींची लग्नं करता करता याचं राहून गेलं होतं. दर रविवारी तो आमच्याकडे जेवायला यायचा आणि येताना ठेच्याची डबी आणायचा, कारण कोकणातल्या माणसाशी लग्न करून आपल्या बहिणीने प्रत्येक भाजीत खोबरं घालायला सुरुवात केली, हे त्याला सहन होत नव्हतं. माझ्यावर त्याचा बाकी काही राग नव्हता.

नाण्यांचा नाद त्याला सोनाराच्या दुकानात लागला. आमच्याकडे आतल्या गावांतल्या बायकांच्या गळ्यात जुन्या रुपयांच्या माळा असायच्या. पोर्तुगिजांचं राज्य असतानाचे चांदीचे रुपये, एका बाजूला राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला ढाल. दोरा ओवायला प्रत्येक रुपयाला वर एक छोटी कडी डाख दिलेली. अडचण आली की माळेतला एखादा रुपया सोनाराकडे यायचा. मेहुणा एकदा काही कामाने तिथे गेला असताना सोनाराने असाच एक रुपया मुशीत टाकायला उचलला. "दाजी, राजाचं डोकं वितळताना बघवेना मले," असं तो सांगायचा. त्याने तो विकत घेतला. मग दर पगाराला एखादा. कधी दोन. माळेत न गेलेला, बिनकडीचा रुपयाही क्वचित हाती लागायचा, तो तसाच ठेवायचा.

घेतलेल्या रुपयाची कडी तो काढायचा. आणि काढायचा म्हणजे कशी. डाखावर बारीक ज्योत धरून कडी अलगद सोडवायची, मग मऊ कानस, मग पॉलिश पेपर आणि शेवटी जेवणाच्या सुट्टीत टूलरूमच्या बफवर, म्हणजे पॉलिशच्या चाकावर, एक फिरकी. रुपया आरशासारखा व्हायचा. "कडीची जागा दाखवा, दाजी," असं आव्हान द्यायचा. मला ती कधी सापडली नाही. मला आमच्याच घरात माझा चष्मा सापडत नाही, ही गोष्ट वेगळी.

अशात त्याला ते पुस्तक भेटलं. कारखान्याच्या मालकाचा कुणी नातेवाईक परदेशातून आला होता, त्याच्याजवळ जगातल्या नाण्यांच्या किमतींचा एक जाडा ग्रंथ होता. मेहुण्याने एका दिवसाच्या बोलीवर तो मागून वापीला नेला आणि पोर्तुगीज हिंदुस्थानची तेवढी चार पानं झेरॉक्स करून आणली. सुरुवातीची प्रस्तावना कोण झेरॉक्स करतं? एका पानाच्या पैशात तेव्हा नाश्ता व्हायचा. त्या चार पानांना त्याने पुठ्ठा लावला, वर प्लास्टिक चढवलं आणि आमच्या घरात त्यांना पोथीचा मान मिळाला.

प्रत्येक नाण्यापुढे किमतीचे चार रकाने होते. डावीकडे झिजलेलं नाणं, उजवीकडे कोरं करकरीत. त्या चार रकान्यांच्या प्रवासात तेच नाणं कैक पटींनी महाग व्हायचं. राजाच्या कानावरचे केस वेगळे दिसतात की सपाट झालेत, यावर सगळा खेळ. माझे स्वतःचे केस तेव्हा पहिल्या रकान्याच्या दिशेने निघाले होते, त्यामुळे मला राजाबद्दल आपुलकी होती. इंग्रजी वाचणारा घरात मीच, म्हणून कुठलं नाणं कुठल्या रकान्यात बसतं हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं. ऑफिसातलं नकाशे वाचायचं भिंग शनिवारी घरी यायचं आणि सोमवारी परत जायचं.

रविवारी जेवणं झाली की कोर्ट भरायचं. मी भिंग लावून दुसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं की मेहुणा वाद घालायचा नाही. फक्त म्हणायचा, "एकदा खिडकीपाशी बघा ना." मी खिडकीपाशी बघायचो. खिडकीपाशी राजाला थोडे केस फुटायचे. तिसरा रकाना. बायको भांडी आवरताना म्हणायची, "दोघं मिळून त्या राजाला तरुण करताय." मेहुणा पेन्सिलीने किंमत लिहायचा, डॉलरचे रुपये करायचा आणि बेरीज पुढे न्यायचा. एक्याण्णव साली सरकारने रुपयाची किंमत उतरवली, तेव्हा ऑफिसात सगळे चिंतेने वर्तमानपत्र वाचत होते. मेहुण्याने त्या रविवारी जिलेबी आणली. डॉलर वर गेला म्हणजे त्याच्या ट्रंकेतला राजाही वर गेला होता.

आता यातली गंमत सांगतो. मी बांधकाम खात्यात कारकून. उभा जन्म माझा दरसूचीत गेला. विटा, वाळू, सिमेंट, गवंड्याची मजुरी, सगळ्याचे सरकारी भाव त्या सूचीत छापलेले असतात आणि त्यातल्या एकाही भावात दमणगंगेच्या काठावर एक पाटी वाळू मिळत नाही, हे खात्यातल्या शिपायालासुद्धा माहीत असतं. ठेकेदार येतो तोच मुळी दरसूचीपेक्षा इतके टक्के वर, असं बोलत. छापलेला भाव हा बोलणं सुरू करण्यापुरता असतो, हे मी रोज सकाळी साडेदहापासून बघत होतो. पण संध्याकाळी घरी येऊन त्या चार झेरॉक्स पानांवर माझा पुरा विश्वास होता. ती परदेशातली होती ना.

आणि त्या पानांवर आता एका माणसाचा संसार उभा राहणार होता.

झालं असं, की सरकारी दवाखान्याच्या रांगेत बायकोची एका बाईंशी ओळख झाली. सुरंगीच्या आश्रमशाळेत शिकवायच्या. नाशिककडच्या. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला, पदरात मूलबाळ नाही, सोबत अंथरुणाला खिळलेली आई. शांत होत्या, पण बुजऱ्या नव्हत्या. दोन-तीनदा त्या आमच्याकडे आल्या आणि एका रविवारी बायकोने बरोबर जमवून आणलं. मेहुणा इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. चाळिशी उलटलेला माणूस, पण पुन्हा पुन्हा कॉलर नीट करत होता.

काय बोलावं हे सुचेना, तेव्हा त्याने ट्रंकेतून बरोबर आणलेला एक रुपया त्यांच्या हातात दिला. (मी मनात म्हटलं, खिशात टाकू नका म्हणजे मिळवली.) बाईंनी तो पाटीवरचं अक्षर तपासावं तसा उलटसुलट केला आणि विचारलं, "हा कुणाच्या गळ्यातला?"

मेहुण्याला हा प्रश्न कधी पडला नव्हता. सोनाराकडून घेतला, असं तो म्हणाला.

मग बाईंनी आपलं म्हणणं सरळ सांगितलं. शाळेने खोली दिलीय, पण ती शाळेची. आईला घेऊन पुन्हा कुणाच्या उपकाराच्या जागेत जायचं नाही. "एकच खोली असली तरी चालेल. दार तेवढं आपलं हवं."

"दिवाळीनंतर घेतोय," मेहुणा म्हणाला. "अथालला. बोलणं झालंय."

बोलणं खरंच झालं होतं. अथालला मोरी असलेली एक खोली होती, पुढे पत्र्याची पडवी, मागे विहीर. मालक सज्जन होता, दिवाळीपर्यंत थांबतो म्हणाला होता. पुस्तकाच्या हिशोबाने ट्रंकेतल्या नाण्यांची किंमत खोलीपेक्षा जास्तच होत होती. वरच्या पैशांत दाराला कुठला रंग द्यायचा यावर भावा-बहिणीची चर्चा चालायची. बाई त्यानंतर आल्या की पडवीत तुळस किती वाढेल, विहिरीचं पाणी उन्हाळ्यात टिकतं का, असं विचारायच्या. मेहुणा आदल्या दिवशी जाऊन विहीर बघून यायचा.

दिवाळीच्या आधी आम्ही दोघं मुंबईला निघालो. नाणी जेवणाच्या स्टीलच्या डब्यात, प्रत्येक रुपया जुन्या फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळलेला. वापीहून गाडीत बसल्यापासून डबा त्याच्या मांडीवर. समोरच्या बाईने तिच्या मुलाला सांगितलं की काका जेवतील तेव्हा तुला देतील हं. मुलगा बोरिवलीपर्यंत वाट बघत होता.

नाण्यांच्या व्यापाऱ्याचं दुकान फोर्टात एका लाकडी जिन्याने वर होतं. म्हातारा, स्वच्छ पांढरे कपडे, बोलणं हळू. त्याने आम्हाला पंख्याखाली बसवलं आणि पहिला रुपया उचलला. मी राजाच्या केसांबद्दल चार वाक्यं तयार करून नेली होती. त्याने राजाकडे पाहिलंच नाही. रुपया आडवा धरून कडेवर उजेड घेतला, बोटाने किंचित फिरवला आणि थांबला.

"हे काम कुणाचं?"

"माझं," मेहुणा म्हणाला. त्याला वाटलं, शाबासकी आहे.

"हात फार चांगला आहे. पण इथं कडी होती." त्याने रुपया आमच्यासमोर तसाच धरला. उजेड सगळ्या कडेवरून सरळ सरकत होता आणि एका जागी जरासा अडखळत होता. एवढंच. इतकी वर्षं मला न सापडलेली जागा. मग त्याने रुपया सपाट केला आणि म्हणाला, की नवं नाणं आतून चमकतं, हे वरून चमकतंय; बफ लागला की नाण्याची कातडी जाते, ती परत येत नाही.

मेहुण्याने पिशवीतून पुठ्ठ्यातली चार पानं काढून टेबलावर ठेवली. म्हाताऱ्याने ती बघितली आणि मागच्या फळीवरून तेच पुस्तक काढलं, नव्या आवृत्तीचं, हाताळून मऊ झालेलं. त्याने पोर्तुगीज पानं उघडली नाहीत. अगदी पहिली पानं उघडली.

"हे नाही आणलं?"

त्या पानांवर लिहिलं होतं, की पुढच्या सगळ्या किमती धक्का न लागलेल्या नाण्यांच्या आहेत. भोक पाडलेलं, कडी लावलेलं, कडी काढलेलं, घासलेलं नाणं चारपैकी कुठल्याच रकान्यात बसत नाही. मी ते वाचलं आणि मराठीत सांगायला तोंड उघडलं, पण मेहुणा माझ्याकडे बघतच नव्हता. त्याला कळलं होतं.

"आणि हा भाव," म्हातारा म्हणाला, "माझा विकण्याचा. घेण्याचा नाही. तोही तसं गिऱ्हाईक जिना चढून आलं तर. येतं कधीतरी."

ज्यांना कधीच कडी नव्हती अशा मोजक्या नाण्यांना त्याने पुस्तकातल्या भावाचा तिसरा हिस्सा सांगितला. बाकीच्यांना चांदीचा. सगळं मिळून अथालच्या खोलीची पडवीसुद्धा झाली नसती. त्याने घाई केली नाही, चहा मागवला. मेहुण्याने एवढंच विचारलं, की कडीसकट आणले असते तर?

"तर मी घेतलेच नसते. कडीवाल्याला गिऱ्हाईक तुमच्याच गावाला."

म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही सिल्वासाच्या त्याच सोनाराकडे गेलो, ज्याच्याकडून हे सगळं घेतलं होतं. सोनार गुजराती, आमच्याशी मराठी-हिंदी मिसळून बोलायचा. त्याने डब्यातले रुपये पाहिले, एक उचलून अंगठ्याने वरची कड चाचपली आणि त्याला खरोखर वाईट वाटलं.

"भाई, कडी कशाला काढली? कडीवाला रुपया माझ्याकडे दोन दिवस टिकत नाही. बाजारादिवशी बाया येतात, माळ तुटलेली असते, एक रुपया कमी असतो. आईच्या माळेत राजा, तर तिला राजाच पाहिजे. चांदीपेक्षा वर देऊन नेतात. राजाला केस आहेत का टक्कल, कोण बघतो? कडी मजबूत पाहिजे." मग रुपया परत डब्यात ठेवत म्हणाला, "तुला देताना कडीचं वेगळं लावत होतो. तू कधी विचारलं नाही."

मेहुण्याने डब्याचं झाकण लावलं. ते नीट बसेना, तर मी हात पुढे केला. त्याने डबा माझ्या हातून बाजूला घेतला. रागाने नाही. लहान मूल झोपलं असेल आणि कुणी घ्यायला आलं तर आपण घेतो, तसा.

मी पुढे या गोष्टीचा खूप विचार केला. ते पुस्तक खोटं नव्हतं. दूरच्या कुठल्या तरी शहरात, कुणाच्याही गळ्यात न गेलेल्या नाण्याला, दुकानदाराने काय मागावं, तेवढंच त्यात लिहिलं होतं आणि तेवढं बरोबर होतं. छापून हातात येईपर्यंत तेही शिळं झालेलं. कुणी किती दिलं, हे कुठलंच पुस्तक लिहीत नाही. आणि ज्या बाजारात त्या रुपयांना खरी मागणी होती, तो आमच्या दारात भरत होता. पण त्याची कुणी झेरॉक्स काढलेली नव्हती. मेहुण्याने एका बाजारासाठी कडी काढली, तिथे तिचा डाग धरला. दुसऱ्या बाजाराला कडीच हवी होती. मधल्या मध्ये त्याच्या हातातली सगळी कला वाया गेली. त्याने नाणी वाईट हाताळली असती तर मला एवढं वाईट वाटलं नसतं.

भाऊबीजेला तो आला. बायकोने पाट मांडला, ओवाळलं, आणि निरांजनाचं ताट खाली ठेवून हातातल्या चारही बांगड्या काढून त्याच्यापुढे ठेवल्या. आमचं आदल्या रात्री ठरलं होतं. बांगड्या आणि माझ्या फंडातलं काही, एवढ्यात मालक उरलेल्यासाठी थांबला असता.

मेहुण्याने बांगड्यांकडे पाहिलंही नाही.

"अगं, आज ओवाळणी मी तुले घालायची असते."

"भाऊ, उसने म्हणून घे."

"बहिणीच्या हातातलं काढून दार लावू मी? रोज उघडताना काय वाटंल मले?" आणि त्याने ताटात एक रुपया ठेवला. कडी कधीच नसलेल्यांपैकी, म्हाताऱ्याने ज्याला भाव सांगितला होता त्यातला सगळ्यात चांगला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "दाजी, एक करा. बाईंपाशी यातलं काही बोलू नका. मी दिवाळीनंतर घेतो म्हणालो होतो. घेईन तेव्हा मीच जाऊन सांगेन. तोवर माझं नाव काढू नका. शपथ आहे तुम्हाले."

आम्ही शपथ घेतली. माझ्यासारख्या बोलघेवड्या माणसाने आयुष्यात एकच शपथ पाळली, ती ही.

दिवाळी झाली. अथालचा मालक थोडे दिवस थांबला, मग त्याने खोली दुसऱ्याला दिली. मेहुण्याने रविवारचा ओव्हरटाइम धरला, त्यामुळे आमच्याकडचं जेवण सुटलं. बायको रविवारी सवयीने तीन ताटं काढायची आणि एक परत फळीवर ठेवायची. कधी मी डबा घेऊन सायलीला जायचो, तर तो कारखान्याच्या फाटकाशी येऊन डबा घ्यायचा आणि खोबऱ्याबद्दल एक वाक्य बोलून आत जायचा. ते वाक्य त्याने सोडलं नाही, याचा मला आधार वाटायचा.

पुढचं आधीच सांगून टाकतो. ओव्हरटाइम करून करून दोन-अडीच वर्षांनी त्याने अथाललाच एक खोली घेतली, विहीर नसलेली. एकट्यासाठी. नाणी त्याने फोर्टातल्या म्हाताऱ्याला दिली नाहीत आणि सोनारालाही नाही. एकेका रुपयाला त्याने परत कडी डाखली, अशी मजबूत की बैल बांधावा, आणि बाजारादिवशी आतल्या गावांना जाऊन विकले. बायका त्याच्याकडे तुटलेल्या माळा घेऊन यायच्या. कडी बसवायचे तो पैसे घ्यायचा नाही. हल्ली माझ्याकडे आला की मी त्याला विचारतो, राजा काय म्हणतो? तो म्हणतो, गळ्यात आहे.

पण मधला एक रविवार राहिला सांगायचा. त्या दिवाळीनंतरच्या उन्हाळ्यातला.

दुपारी दार वाजलं. बघतो तर बाई. सुरंगीहून उन्हात आलेल्या, हातात कापडी पिशवी. बायकोने पाणी दिलं, त्या तोंड धुवायला आत गेल्या, मग येऊन बसल्या. आईची चौकशी झाली, शाळेची झाली. पंख्याचा आवाज फार येत होता. मग त्यांनी सांगितलं, की नाशिकजवळच्या एका शाळेत जागा मिळतेय, भाऊबंदांपैकी कुणी शब्द टाकलाय, राहायला शाळेचीच खोली आहे. महिनाअखेरपर्यंत होकार कळवायचाय.

"अजून कळवला नाही," त्या म्हणाल्या.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी बायकोकडे पाहिलं. शपथ दोघांच्या मध्ये बसली होती. काहीतरी बोलायला हवं, म्हणून मी आपला म्हणालो, "छान झालं. आपल्या माणसांत जाल."

"हो," त्या म्हणाल्या.

चहा झाला. त्यांनी विचारलं, की आज घरी दोघंच का? मी म्हणालो, हो, मेहुण्याचा हल्ली रविवारी ओव्हरटाइम असतो, तो येत नाही. एवढं सांगायला शपथेची आडकाठी नव्हती. त्यांनी कप खाली ठेवला. त्यांचं बरं चाललंय ना, असं विचारलं. मी म्हणालो, बरं चाललंय. मग त्या हात धुवायला आत गेल्या आणि आल्या ते पिशवी घेऊन उभ्याच राहिल्या. मी त्यांना सुरंगीकडे जाणाऱ्या खानवेलच्या बसपर्यंत पोचवायला गेलो. बस मिळाली, बसायला जागाही मिळाली. त्यांनी खिडकीतून हात जोडले. मी उन्हातून परत आलो.

बायको कप विसळत होती. ते विसळून झाले तरी ती नळ बंद करेना. मी विचारलं, काय झालं. तिने माझ्याकडे पाठ ठेवूनच सांगितलं.

"आल्या आल्या मोरीत गेल्या ना, त्या फूल माळायला गेल्या होत्या. अबोलीचं. ओल्या रुमालात बांधून आणलं होतं, एवढ्या उन्हात, सुरंगीपासून. तुम्हाला दिसलं नसेल. त्यांच्या केसांत मी कधी फूल बघितलं नव्हतं. भाऊ आज येणार नाही म्हणालात आणि त्या परत आत गेल्या. इथे कोनाड्यात ठेवून गेल्यात."